भिंत फोडून शटर बसवायचंय? आधी वरचा लिंटल बघूया

बेळगावात शहापूर, वडगाव, खडेबाजारातल्या जुन्या घरांची पुढची खिडकी काढून तिथं दुकानाचं शटर बसवायचं, असं काम आमच्याकडं नेहमी येतं. पहिला प्रश्न लिंटलचा, म्हणजे खिडकी-दारावरचा भार पेलणाऱ्या आडव्या पट्टीचा, ठरलेला: "लिंटल चांगला जाड आहे, चालेल ना?" नुसत्या जाडीवर आम्ही हो म्हणत नाही. त्याच्यावर काय बसलंय आणि त्याची दोन टोकं कशावर टेकलीत, हे आधी बघतो.

वर आणि बाजूला पुरेशी भिंत असेल तर ती कमानीसारखी भार दोन्हीकडं ढकलते. लिंटलच्या वाट्याला त्याच्या डोक्यावरच्या त्रिकोणाएवढीच भिंत येते. पण त्या त्रिकोणात स्लॅब किंवा तुळई टेकली असेल तर हा दिलासा संपला. समजा, आतली खोली 10 फूट खोल आहे आणि 5 इंची स्लॅब पुढच्या-मागच्या भिंतींवर टेकलाय. स्लॅब, फरशी, माणसं, सामान मिळून चौरस मीटरला साधारण 600 किलो धरा. त्यातला निम्मा भार पुढच्या भिंतीवर, म्हणजे 8 फुटी शटरच्या डोक्यावर दोन टनांहून जास्त. भिंतीचं वजन वेगळं. फुटामागं भार तोच ठेवून 4 फुटाचे 8 फूट केले तर लिंटलला वाकवणारा जोर चौपट होतो आणि तेवढ्याच जाडीचा लिंटल सोळापट झुकतो.

खानापूरकडच्या जांभ्याच्या, मातीत बांधलेल्या घरांत एक खोच असते. दीड-दोन फुटी भिंतीत बाहेरून दिसणारी दगडी पट्टी फक्त बाहेरचा थर पेलते. आतला थर मागच्या लाकडी फळ्यांवर असतो आणि त्या गिलाव्याखाली झाकलेल्या असतात. पट्टी ठणठणीत दिसली तरी मागची फळी वाळवीनं पोकळ झालेली असू शकते. म्हणून आम्ही आतला गिलावा थोडा काढून पेचकस टोचून बघतो. गिलावा खराब होतो म्हणून कुरकुर होते, पण त्याला इलाज नाही.

लिंटल दोन्ही टोकांना निदान 6 इंच आणि शटरसाठी 9 इंच तरी टेकलेला हवा. मातीतल्या भिंतीत टोकांखाली काँक्रीटचा ठोकळा घालावाच लागतो, नाहीतर लिंटल शाबूत राहतो आणि खालचा दगड चिरडतो.

लिंटलच्या मध्यावर खालून उभी चीर, सळईच्या रेषेत तांबूस डाग, शटरच्या कोपऱ्यातून पायरी-पायरीनं वर गेलेली भेग, ही लक्षणं दिसली तर भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी मारून तारीख लिहा. पट्टी तडकली की भेग अजून चालू आहे, लगेच बोलवा.

नवा लिंटल काँक्रीटचा असो की लोखंडी गर्डरचा, माप स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनंच ठरवतो. काँक्रीटमध्ये मुख्य सळ्या तळाशी हव्यात. त्या मधोमध गेल्या तर बराचसा लिंटल नुसतं ओझं ठरतो. फोडायच्या आधी स्लॅबला आतून लोखंडी टेकू लावून घेतो. "एका दिवसात फोडून देतो" म्हणणाऱ्या गवंड्याला टेकू कुठं लावणार, एवढं जरूर विचारा.

काम मृगाच्या आधी उरकलेलं बरं, भिजलेल्या मातीच्या भिंतीला आम्ही हात लावत नाही. पाहणीला येऊ तेव्हा माळ्यावर जायची वाट मोकळी ठेवा आणि जुना नकाशा असेल तर काढून ठेवा.