कबर राखण्याचा पैसा आणि कबरीपर्यंत जाण्याचा पैसा

इटलीतल्या किंवा इराकमधल्या एखाद्या युद्धस्मारकाच्या यादीत पणजोबांचं नाव सापडलं, की घरात पुढचा प्रश्न हमखास येतो: "त्या कमिशनकडे अर्ज केला तर तिथं जायचा खर्च मिळेल का?" मिळत नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन कबरी आणि स्मारकं सांभाळतं. वारसांना तिथं नेणं हे त्याचं काम नाही. तो खर्च जिथं कुठं सरकारनं उचलला, तिथं तो वेगळ्या खात्यातून, वेगळ्या नियमानं आणि बहुतेक वेळा थोड्याच वर्षांसाठी उचलला. दोन्ही खर्च 'शहिदांच्या स्मरणार्थ' या एकाच नावानं ओळखले जातात, म्हणून त्यांची गल्लत होते आणि माणसं भलत्याच दारात जाऊन उभी राहतात.

आधी राखण्याचा पैसा पाहू. पहिलं महायुद्ध चालू असतानाच, २१ मे १९१७ रोजी, फेबियन वेअर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या खटपटीतून हे कमिशन सनदेनं स्थापन झालं. तेव्हा नावात 'इम्पीरिअल' होतं, ते १९६० साली 'कॉमनवेल्थ' झालं. आज दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची जबाबदारी त्याच्याकडे आहे आणि त्याचं काम १५० हून अधिक देशांत पसरलेलं आहे. खर्च सहा सरकारं मिळून देतात: ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत. ब्रिटनचा वाटा ७८ टक्क्यांच्या आसपास, कॅनडाचा १०, ऑस्ट्रेलियाचा ६, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेचा प्रत्येकी दोनेक टक्के. भारताचा एक टक्क्याहून थोडा जास्त.

हा शेवटचा आकडा वाचून पुष्कळांना वाटतं, की आपली माणसं कमी मेली असतील. तसा अर्थ काढू नये. वाटणी त्या त्या देशाच्या कबरींच्या संख्येवरून ठरते. पहिल्या महायुद्धात अविभाजित भारताचे ७० हजारांहून अधिक लोक गेले, दुसऱ्यात ८० हजारांहून अधिक. यातल्या हिंदू आणि शीख सैनिकांचं, जिथं शक्य झालं तिथं, दहन झालं. त्यांची कबर नाही, नाव मात्र आहे. इटलीत सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानात अशा दहन झालेल्या पाचशेहून अधिक भारतीयांसाठी वेगळं स्मारक आहे, फोर्लीलाही तसंच एक आहे. एरिट्रियातल्या केरेनला मराठा पलटणी लढल्या, तिथंही दहन-स्मारक आहे. तेव्हा राखण्याच्या पैशातून आपल्या बाबतीत बहुतेकदा दगडावरचं नाव राखलं जातं. हे आधीच माहीत असेल तर तिथं पोचल्यावर कबर शोधत फिरावं लागत नाही.

पुण्यात खडकीला याचा नमुना पाहता येतो. तिथल्या वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या, कायमची देखभाल होईल याची खात्री नसलेल्या कबरी तिथं एकत्र आणल्या गेल्या. त्याच आवारात पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे, त्यावर १,८०० हून अधिक नावं आहेत. ही माणसं तिथं मेली नाहीत. भारत-पाकिस्तानातल्या जुन्या छावण्यांच्या दफनभूमींत ज्यांच्या कबरी राखणं शक्य उरलं नाही, त्यांची ही नावं. मुंबईच्या शिवडी दफनभूमीतले अवशेषही १९६२ साली इथंच आणले. हे सगळं सहा सरकारांच्या नेमानं येणाऱ्या पैशावर चालतं, आणि त्याला शेवटची तारीख नाही. सर्व मृतांना सारखी वागणूक आणि कायमची देखभाल, हीच स्थापनेच्या वेळची प्रतिज्ञा होती.

सारख्या वागणुकीची ती प्रतिज्ञा पाळली गेली नाही, हेही सांगितलंच पाहिजे. बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांचं स्मरण आहे. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, मोहिमेत मराठा पलटणी होत्या, कुतच्या वेढ्यात ११० वी मराठा पलटण अडकली होती. पण त्या भिंतीवर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि साध्या शिपायांचा फक्त आकडा. एप्रिल २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल आला. आफ्रिका आणि आशियातल्या मृतांच्या बाबतीत भेदभाव झाल्याचं त्यात मान्य केलं आणि कमिशननं माफी मागितली. ज्यांचे पूर्वज कुत किंवा बसऱ्याला गेले, त्या घरांनी लक्षात ठेवावं: भिंतीवर नाव नसलं तरी नोंदवहीत ते असू शकतं.

आता जाण्याचा पैसा. याची गोष्ट फार ओबडधोबड आहे, कारण यामागे कुठलीही सनद नाही.

सर्वांत मोठं जुनं उदाहरण अमेरिकेचं. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेनं कुटुंबांना विचारलं, मृतदेह मायदेशी आणायचा की तिकडंच ठेवायचा. ज्यांनी तिकडं ठेवला, त्यांच्या आयांना आणि पुन्हा लग्न न केलेल्या विधवांना सरकारी खर्चानं कबरीपर्यंत नेण्याचा कायदा मार्च १९२९ मध्ये झाला. १९३० ते १९३३ या काळात साडेसहा हजारांहून अधिक बायका युरोपात जाऊन आल्या. जहाज, हॉटेल, मोटार, परिचारिका, सगळं सरकारचं. पण कृष्णवर्णीय आयांना वेगळ्या जहाजांनी आणि वेगळ्या गटांनी नेलं. मुलानं एकाच सैन्यात जीव दिला तरी आईची रांग वेगळी. कित्येकींनी त्या कारणानं जायला नकार दिला.

ब्रिटननं नेमकं उलट केलं. मृतदेह परत आणायला बंदी घातली, कबरी मात्र उत्तम बांधल्या. कुटुंबांना तिथं नेण्याचा भार सरकारनं त्या काळी घेतला नाही, तो सेवाभावी संस्थांवर पडला. १९२८ साली ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेनं सुमारे ११ हजार माणसांची यात्रा बेल्जियम-फ्रान्सला नेली, ती याच संस्थात्मक खटपटीतून. म्हणजे दोन देशांपैकी एकानं प्रवासावर पैसा ओतला आणि दुसऱ्यानं बांधकामावर. तेव्हापासून ही दोन खाती वेगळीच राहिली.

ब्रिटनमध्ये प्रवासाचा पैसा मोठ्या प्रमाणावर आला तो फार उशिरा, आणि तिजोरीतून नव्हे. २००४ साली दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीच्या साठाव्या वर्षाचं निमित्त साधून 'हीरोज रिटर्न' ही योजना निघाली. तिचा पैसा नॅशनल लॉटरीचा होता. नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झालेल्या या लॉटरीत तिकिटाच्या किमतीचा ठरलेला भाग कला, वारसा, खेळ आणि समाजकार्यासाठी कायद्यानंच बाजूला काढला जातो. युद्धात लढलेला माणूस, त्याचा जोडीदार आणि गरज असेल तर सोबतीचा मदतनीस, यांना जिथं लढले तिथं जाऊन यायला मदत मिळे. २०१५ मध्ये योजना संपेपर्यंत ५० हजारांहून अधिक लोकांना मिळून अडीच कोटी पौंडांवर रक्कम दिली गेली.

पुढं २०१९ मध्ये १९४४ च्या नॉर्मंडी चढाईच्या पंचाहत्तराव्या वर्षी शेकडो वृद्ध सैनिकांना जहाजानं फ्रान्सला नेलं. तो खर्च कुठून आला, हे ऐकण्यासारखं आहे. लायबॉर हा व्याजदर फिरवल्याबद्दल बँकांना जो दंड झाला, त्या दंडाच्या पैशातून. दंड आटला की ती वाट बंद. राखण्याच्या पैशाला सहा सरकारांचा करार आहे, जाण्याच्या पैशाला निमित्त लागतं: साठावं वर्ष, पंचाहत्तरावं वर्ष, कुठून तरी आलेला दंड.

जपानचा मार्ग यापेक्षा मला अधिक नीट वाटतो. तिथलं आरोग्य आणि कल्याण खातं जुन्या रणभूमींवर स्मरणयात्रा नेतं आणि मृतांच्या नातलगांच्या प्रवासखर्चातला एक हिस्सा उचलतं. मणिपूरमध्ये इम्फाळजवळ लोकपाचिंग इथं जपान सरकारनं १९९४ मध्ये स्मारक उभारलं, तिथं जपानी कुटुंबं येतात. स्मारक त्यांच्या सरकारचं, येण्यातली काही मदतही त्यांच्या सरकारची, पण दोन्हींचे हिशेब वेगळे.

अर्जदाराच्या नजरेनं पाहिलं तर खरा फरक पात्रतेत आहे. राखण्याच्या पैशाला अर्जदार लागतच नाही. वारस असो नसो, कोणी भेट देवो न देवो, नाव तिथं राहतं. अट तारखेची आहे: ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातला सेवेतला मृत्यू. १९६२, १९६५, १९७१ किंवा कारगिलचे आपले शहीद या यादीत नाहीत. त्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आहेत, ते २०१९ मध्ये खुलं झालं आणि ते सर्वस्वी भारत सरकारचं आहे. शेजारच्या इंडिया गेटवरची नावं मात्र पहिल्या महायुद्धातली आणि अफगाण युद्धातली. गोंधळ इथंही होतो.

जाण्याच्या पैशाला मात्र जिवंत माणूस लागतो, आणि तो पैसे देणाऱ्या देशाचा लागतो. लढलेला सैनिक, त्याची विधवा, फार तर मुलं. नातू-पणतूपर्यंत योजना क्वचितच पोचतात. 'हीरोज रिटर्न'ला ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये राहण्याची अट होती. त्याच ब्रिटिश आठव्या सैन्यात, त्याच इटलीत लढलेला कोकणातला शिपाई त्या अटीत बसत नव्हता.

नाईक यशवंत घाडगे हे नाव मनात ठेवूनच मी हे लिहितो आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले. १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या तिबेर नदीच्या खोऱ्यात त्यांची तुकडी जवळजवळ संपली, तेव्हा एकट्यानं मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले, तो घेतला आणि तिथंच मारले गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. त्या भिंतीची निगा सहा सरकारं राखतात. २०२३ साली मोंतोने या गावानं आणि इटालियन इतिहासप्रेमींनी त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं. परक्या गावानं स्वतःहून आठवण ठेवली, आणि माणगावच्या माणसाला तिथं जायचं तर तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागतं, हे मला सलतं. महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. तिच्या उत्पन्नातला लहानसा भाग अशा कुटुंबांच्या एकदाच्या प्रवासासाठी राखून ठेवावा, ही मागणी अवाजवी नाही.

तोवर करता येण्यासारखं बरंच आहे. कमिशनच्या संकेतस्थळावरचा शोध फुकट आहे. नाव एका स्पेलिंगनं सापडलं नाही तर तीन-चार प्रकारे टाकून पाहावं. 'जाधव' आणि 'शिंदे' ही नावं इंग्रज कारकुनांनी वाटेल तशी लिहिली आहेत. सैनिक क्रमांक हाती असेल तर तोच सर्वांत भरवशाचा. नोंदीत बहुतेकदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो, पण जिल्हे जुने आहेत. रायगड तिथं कुलाबा म्हणून सापडेल, सावंतवाडी संस्थान वगळता आजच्या सिंधुदुर्गातली बरीच गावं रत्नागिरीत, कारण ही दोन्ही जिल्ह्यांची नावं १९८१ पासूनची. पलटणीची खात्री करायची तर बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. सेवेची कागदपत्रं आणि निवृत्तिवेतन यांची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. स्मारकाचं नाव आणि त्यावरच्या फलकाचा क्रमांक मिळाला की तो लिहून ठेवावा. कसिनो किंवा बसऱ्यासारख्या ठिकाणी हजारो नावांत आपलं नाव त्याच क्रमांकावरून सापडतं. नोंदीत नावाची किंवा गावाची चूक दिसली तर ती दुरुस्त करायला पुराव्यासह कमिशनलाच लिहावं. ते त्यांच्याच कामात बसतं. प्रवासखर्चाचा अर्ज मात्र तिथं पाठवू नये.