घटस्फोटाची झळ मुलांना किती? प्रश्न कसा बदलत गेला

आईवडील वेगळे झाले की मुलांचं काय होतं, हे खुद्द मुलांना विचारायला फार उशीर झाला. त्याआधी भांडण होतं ते ताब्याचं. इंग्लंडमध्ये तर विभक्त झालेल्या आईला सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा नुसता मागता यावा, यासाठी १८३९ साली कायदा करावा लागला.

कॅलिफोर्नियात १९७० पासून जोडीदाराचा दोष सिद्ध न करताही घटस्फोट मिळू लागला. पुढच्याच वर्षी ज्युडिथ वॉलरस्टीन आणि जोन केली या मानसशास्त्रज्ञांनी तिथल्या मरिन काउंटीत ६० कुटुंबांतल्या १३१ मुलांचा माग घ्यायला सुरुवात केली. शाळेच्या वयाआधीची पोरं पुन्हा अंथरूण ओलं करू लागली होती, ‘मी त्रास दिला म्हणून बाबा गेले’ अशी त्यांची समजूत होती. नऊ-दहा वर्षांची मुलं रागावून एकाची बाजू घेत होती. वर्षभरात घडी बसेल हा अंदाज चुकला. वॉलरस्टीनबाई पुढे पंचवीस वर्षं त्यांच्या मागावर राहिल्या, तेव्हा मोठेपणी लग्नाचीच धास्ती घेतलेले अनेकजण त्यांना भेटले. पण यात एक मोठी खोट होती: न मोडलेल्या घरांतली मुलं तुलनेला सुरुवातीपासून घेतलेलीच नव्हती.

ती तुलना मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांनी व्हर्जिनियात केली. गंभीर अडचणी घटस्फोटित घरांतल्या सुमारे २५ टक्के मुलांत दिसल्या, इतरांत १० टक्क्यांत. या आकड्यांचं पुढे गंमतशीर झालं. कुणी ‘धोका दुपटीहून जास्त’ म्हणून बोट दाखवलं, तर कुणी ‘चारातली तीन मुलं ठीक आहेत’ म्हणून. दोघंही खरंच बोलत होते.

खरं वळण १९९१ साली आलं. समाजशास्त्रज्ञ पॉल अमाटो आणि ब्रूस कीथ यांनी ९२ अभ्यास एकत्र तपासले, तर सरासरी फरक होता, पण लहानसा. त्याच वर्षी अँड्र्यू चर्लिन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन-अमेरिकेतल्या नोंदी मागे जाऊन पाहिल्या; फरकाचा बराचसा भाग, विशेषतः मुलग्यांत, आईवडील वेगळे होण्याआधीच दिसत होता. म्हणजे नुसत्या घटस्फोटाच्या निकालाकडे बोट दाखवून भागणार नव्हतं, त्याआधीच्या घराकडेही बघायला हवं होतं.

मग अमाटो यांनी घरातल्या कलहाचं माप घेतलं. रोजच्या कडाक्याच्या भांडणांतून सुटलेली मुलं पुढे बरी सावरलेली दिसली. जास्त कोसळली ती, ज्यांनी घरात कधी चढा आवाजही ऐकला नव्हता आणि ज्यांना दाराशी भरून ठेवलेली बॅग बघूनच काहीतरी बिनसलंय हे कळलं.