जर्मनीत शिक्षण फुकट, पण पूर्ण खरं नाही

"जर्मनीत एमएस फुकट असतं" हे वाक्य आपल्याकडे कॉलेजच्या कट्ट्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकू येतं. अर्धं खरं आहे, म्हणूनच घात करतं.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात (स्टुटगार्ट, कार्ल्सरुहे तिथलीच) युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही 2024 च्या हिवाळी सत्रापासून फी लावली. मास्टर्सला ती सेमिस्टरला 4,000 ते 6,000 युरो आहे. खासगी विद्यापीठांचं तर बोलायलाच नको, आणि एजंट नेमकी तीच पुढे करतात.

दुसरा घोळ ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायच्या बँक खात्याचा. "फुकट आहे तर मग अकरा हजार युरो कशाला?" असं घरचे विचारतात. ती फी नाही. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याचे तुमचेच 11,904 युरो आधी दाखवायचे, आणि तिथे गेल्यावर ते महिन्याला 992 असे तुमच्या हाती येतात. भाडं, आरोग्यविमा, भाजी, सगळं त्यातूनच. म्युनिकमध्ये भाडंच त्यातला मोठा लचका तोडतं.

शिवाय तिथे पोचल्यावर सरकारी कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. त्यामुळे मित्राच्या सोफ्यावर महिनाभर काढण्याचा बेत असेल, तर तो कागद मिळेल का, हे निघण्याआधीच विचारा. आणि भारतीय अर्जदारांना लागणारं एपीएस प्रमाणपत्र (तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.