आयझेनबार्थ प्रारूप

टाइप १ मधुमेह कसा सुरू होतो आणि कोणत्या टप्प्यांनी वाढत जातो, हे मांडणारे प्रारूप. अमेरिकन संशोधक जॉर्ज आयझेनबार्थ (१९४७–२०१२) यांनी १९८६ साली ते ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडले. तेव्हा ते बॉस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रात होते. १९९२ पासून डेन्व्हरच्या बार्बरा डेव्हिस मधुमेह केंद्राचे संचालक झाले.

चांगले खेळते-बागडते मूल अचानक घटाघटा पाणी पिऊ लागते, सारखी लघवी होते, आठवड्या-दोन आठवड्यांत खंगते. हा आजार अवचित येतो असेच त्यामुळे वाटत असे. एखादा विषाणू स्वादुपिंडावर घाला घालत असावा, हा तर्कही बराच काळ चालला. आयझेनबार्थ यांचे म्हणणे उलटे होते : अवचित येते ती फक्त लक्षणांची वेळ, आजार त्याआधी कित्येक वर्षे आत मुरत असतो. शरीराची प्रतिकारयंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी हळूहळू संपवत असते.

या म्हणण्यामागे जुळ्यांचा आणि तिळ्यांचा अभ्यास होता. एकसारख्या भावंडांपैकी एकाला मधुमेह झाला आणि दुसरे धडधाकट राहिले, अशा घरांतील निरोगी भावंडांवर आयझेनबार्थ आणि सहकाऱ्यांनी लक्ष ठेवले. ज्यांना पुढे मधुमेह झाला, त्यांच्या रक्तात स्वादुपिंडाच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) साखर वाढण्याच्या कितीतरी आधी सापडली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पहिल्या काही मिनिटांत इन्सुलिनची जी उसळी येते, तीही वर्षागणिक ओसरत गेली होती. उपाशीपोटीची साखर मात्र तोवर नॉर्मलच!

प्रारूपाचा आलेख अगदी साधा आहे. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर बीटा पेशींचा साठा. त्यावर सहा टप्पे आहेत : जनुकीय कल, ठिणगी टाकणारे काही कारण, प्रतिपिंडांचे आगमन, इन्सुलिनची घटती उसळी, उघड मधुमेह आणि शेवटी बीटा पेशींचा पूर्ण नाश. ही ठिणगी नेमकी कशाची, यावर आजही एकमत नाही.

जनुकीय कलाचा मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांचा. टी-पेशींपुढे (प्रतिकारयंत्रणेच्या एक प्रकारच्या पेशी) प्रथिनांचे तुकडे धरण्याचे काम ज्या रेणूंकडे असते, त्यांचा साचा ही जनुके ठरवतात. या जनुकांचे डीआर३ आणि डीआर४-डीक्यू८ हे दोन्ही संच वाट्याला आले तर धोका सर्वाधिक. मधुमेही भावंडाशी हे दोन्ही संच तंतोतंत जुळणाऱ्या मुलांपैकी सुमारे ८५ टक्के मुलांत पंधराव्या वर्षापर्यंत प्रतिपिंडे दिसतील, असा अंदाज डेन्व्हरच्या गटाने २००६ मध्ये दिला. तरीही जनुके म्हणजे विधिलिखित नव्हे; एकसारख्या जुळ्यांतही कधीकधी एक जण सुटतो.

हल्ल्याचे पहिले लक्ष्य कोणते, या प्रश्नाचा आयझेनबार्थ यांनी शेवटपर्यंत पाठपुरावा केला. त्यांचे उत्तर होते खुद्द इन्सुलिन. मधुमेह आपसूक होणाऱ्या नॉड जातीच्या उंदरांत त्यांच्या गटाने मूळ इन्सुलिनची जनुके काढली आणि एकच अमिनो आम्ल बदललेले इन्सुलिन त्यांना दिले. या उंदरांना मधुमेह झाला नाही (२००५). मात्र माणसांत इन्सुलिन देऊन आजार टाळण्याच्या मोठ्या चाचणीत २००२ साली अपयश आले होते. उंदरावरून माणसाकडे उडी मारणे या क्षेत्रात नेहमीच महागात पडले आहे.

आलेखातील सरळ उतरती रेघ पुढे बरीच टीकेची धनी झाली. प्रत्यक्षात ऱ्हास झटक्याझटक्यांनी होतो, लहान मुलांत वेगाने तर प्रौढांत रेंगाळत; निदानाच्या वेळी बीटा पेशीही आलेखात दाखवल्यापेक्षा अनेकदा जास्त उरलेल्या असतात. टप्प्यांची कल्पना मात्र टिकली. २०१५ पासून दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडे सापडली, की साखर नॉर्मल असली तरी आजाराचा पहिला टप्पा मानतात. साखर बिघडू लागली पण लक्षणे नाहीत, तो दुसरा. या टप्प्यावर असलेल्या, मधुमेही रुग्णांच्या नातेवाइकांत टेप्लिझुमॅब या औषधाने उघड मधुमेह सरासरी दोनेक वर्षे पुढे ढकलला. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

जनुकीय धोक्याची गणिते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बसवलेली आहेत. ती भारतीयांना लागू पडतात का, हे पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी (पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राची संशोधन संस्था) आणि इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठ यांनी पुण्यातील रुग्णांवर तपासले (२०२०). टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखायला ती इथेही उपयोगी ठरली; एचएलए जनुकांत मात्र काही फरक आढळले.