‘बॅकस आणि अ‍ॅरिअ‍ॅडनी’ मागवण्याआधी एवढं वाचा

सोफ्यामागच्या भिंतीसाठी टिशियन या इटालियन चित्रकाराच्या या चित्राची प्रिंट आमच्या दुकानात बरेच जण मागतात, आणि माप ठरलेलं: ३६ बाय २४ इंच. त्या मापात हे चित्र पूर्ण बसत नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं मूळ चित्र १७६.५ सेंमी उंच आणि १९१ सेंमी रुंद, म्हणजे जवळजवळ चौरस आहे. ३६ इंच रुंद छापायचं तर उंची ३३ च्या वर जाते. मग नऊ इंच कापायचे कुठून?

“वरचं आकाश कापा, रिकामंच आहे.” रिकामं नाही हो! वर डावीकडे ताऱ्यांचं वर्तुळ आहे. मद्याचा देव बॅकस याने राजकन्या अ‍ॅरिअ‍ॅडनीचा मुकुट आकाशात भिरकावला, त्याचे ते तारे. खालून कापलं तर कलंडलेल्या भांड्यावरची टिशियनची सही जाते. डाव्या कडेचं चिमुकलं शीड म्हणजे ग्रीक वीर थिसियसचं जहाज. ज्या राजकन्येच्या मदतीने त्याने मिनोटॉर या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला मारलं, तिलाच नॅक्सोस बेटावर टाकून तो निघालाय. ते जहाज गेलं तर चित्त्यांच्या रथातून उडी घेणारा बॅकस नुसता तिच्या अंगावर धावून आल्यासारखा वाटतो. ताणून बसवलं तर चित्ते मुंगसासारखे दिसतात. म्हणून या दोन्ही गोष्टी आम्ही करत नाही.

कॅनव्हास रॅप हवा असेल तर आधी सांगा. त्यात कडा लाकडी चौकटीवरून मागे दुमडतात आणि जहाज बाजूला वळतं. आम्ही कडेला वेगळी साधी पट्टी छापतो, चित्राला हात लावत नाही.

आमचा सल्ला: चित्र २६ बाय २४, चारी बाजूंनी दोन इंचांचा माउंट (चित्र आणि फ्रेममधली कोऱ्या पुठ्ठ्याची पट्टी), फ्रेम आतून ३० बाय २८. घरी ३६ बाय २४ ची फ्रेम असेलच तर डावी-उजवीकडे पाच-पाच इंच माउंट टाकून देऊ. पण वर-खाली माउंट उरत नाही, त्यामुळे ते तितकंसं खुलत नाही.

“निळा फार भडक आलाय” हीसुद्धा नेहमीची तक्रार. निळा आम्ही वाढवलेला नाही. टिशियनने १५२०-२३ मध्ये इटलीतल्या फेराराच्या ड्यूकसाठी हे रंगवताना लाजवर्द या निळ्या दगडापासूनचा महागडा निळा वापरला होता. १९६० च्या दशकात जुनं वार्निश काढल्यावर तो पुन्हा दिसू लागला. व्हॉट्सअ‍ॅपवरचे पिवळट फोटो बहुधा त्याआधीच्या छपाईवरून आलेले असतात. त्यावरून प्रिंट काढून मागू नका, फाइल आमच्याकडे आहे.

येताना फ्रेमचं नाही, भिंतीचं माप आणा. छोटा नमुना तुम्ही पाहून सही केल्यावरच मोठी प्रिंट काढतो. त्यानंतर माप बदललं तर कॅनव्हासचे पैसे पुन्हा पडतील.