इकेरेची कवाडं आणि ‘अदलाबदल’ हा शब्द

लाकडात कोरीवकाम करणारे योरुबा कलावंत, इसेचे ओलोवे यांचा विषय निघाला की बोलणं लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातल्या एका दारापाशी येतंच. हे दार मूळचं नायजेरियाच्या एकिती भागातल्या इकेरे राजवाड्याचं. ओलोवे यांचा जन्म एफॉन-अलाये इथे, १८७०च्या दशकातला. नावारूपाला आले ते इसेच्या राजाच्या पदरी. इकेरेच्या ओगोगांनी, म्हणजे तिथल्या राजांनी, त्यांच्याकडून १९१० ते १९१४च्या सुमारास पडवीचे खांब आणि कवाडं करून घेतली.

एका कवाडावर सिंहासनावर बसलेले ओगोगा, मागे राणी. दुसऱ्यावर डोलीतून आलेला इंग्रज अधिकारी. योरुबा, म्हणजे त्या भागातल्या समाजाचं, कोरीवकाम सहसा फळीला धरून असतं. ओलोवे यांच्या आकृत्या मात्र फळी सोडून पुढे झेपावतात, माना वळवतात. वाकसाने, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराने, इतका खोल उठाव काढणारा हात त्या मुलखात दुसरा नव्हता.

१९२४ साली हे दार लंडनजवळ वेम्ब्लीच्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनात मांडलं गेलं. संग्रहालयाला ते हवं होतं. ओगोगांनी पैसे घ्यायला नकार दिला. त्याऐवजी इंग्लंडमध्ये बनवलेलं सिंहासन स्वीकारलं. या व्यवहाराला ‘अदलाबदल’ म्हटलं जातं आणि खरा घोळ याच शब्दात आहे. राजवाड्याची वस्तू बाजारभावाने विकायची नाही, मानाच्या वस्तूच्या बदल्यात मानाचीच वस्तू घ्यायची, हा ओगोगांचा बाणा त्यात दिसतो. तो कमी लेखू नये. राजांना फसवलं, असं सरधोपट म्हणणं हा त्यांच्या शहाणपणाचाच अपमान. पण अदलाबदल बरोबरीच्या दोघांत होते. इथे एक बाजू सत्ताधीश साम्राज्याची, आणि दार तर आधीच समुद्रापार त्यांच्या ताब्यात पोहोचलेलं. नकार दिला असता तर ते परत आलं असतं का, हा प्रश्न त्या शब्दाखाली झाकला जातो. राजवाड्यासाठी ओलोवे यांनी पुन्हा नवं दार कोरलं. हे एवढं सोपं वाक्य, पण त्यामागची मेहनत अदलाबदलीच्या हिशेबात कुठेच धरलेली नाही.

ओलोवे १९३८ साली गेले. युरोपीय अभ्यासकांच्या लिखाणात त्यांचं नाव रुळलं ते त्यानंतर. पुढे खांब अमेरिकेतल्या संग्रहालयांतही पोहोचले. घरात मात्र ते नाव कधी हरवलं नव्हतं. १९८८ साली त्यांच्या पत्नीने गायलेली त्यांची ओरिकी, म्हणजे स्तुतिकवनं, नोंदवून घेतली गेली. इरोकोचं कठीण लाकूड ते भोपळ्यासारखं मऊ असल्यागत कोरतात, असं तिने त्यात गायलं आहे.