लिस्पमधलं ‘पॅकेज’: एका जुन्या निर्णयाची पार्श्वभूमी

लिस्प कुळातल्या कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत ‘माझा मॅक्रो चालत नाही’ म्हणून कुणी कोड दाखवतं, तेव्हा पुष्कळदा मॅक्रो, म्हणजे कोडमधून नवा कोड तयार करणारा तुकडा, ठीकच असतो. चूक पॅकेजात, म्हणजे नावांच्या पेटीत असते.

नेहमी भेटणारं उदाहरण घेऊ. एका पॅकेजात ‘एइफ’ नावाचा मॅक्रो आहे. तो अट तपासतो आणि तिचं उत्तर ‘इट’ या नावात ठेवतो, म्हणजे वापरणाऱ्याला पुढे थेट ‘इट’ म्हणता येतं. लिहिणाऱ्याने ‘एइफ’ एक्स्पोर्ट केला, म्हणजे बाहेरच्यांना खुला केला, ‘इट’ राहून गेलं. आता दुसऱ्या पॅकेजातून मॅक्रो वापरला की कंपाइलर सांगतो, ‘इट’ नावाचं व्हेरिएबलच नाही. डोळ्यांना दोन्हीकडे तीच अक्षरं दिसतात. पण शेजारच्या दोन गावांत एकेक प्रकाश पाटील असावा, तशी ही दोन वेगळी सिम्बॉल, म्हणजे नावामागच्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मॅक्रोने तयार केलेला कोड दाखवणारं ‘मॅक्रोएक्सपांड-१’ चालवून छापील रूप पाहिलं की एका ‘इट’च्या आधी पॅकेजचं नाव आणि दोन कोलन दिसतात, दुसरं नुसतंच ‘इट’ असतं. तिथे उलगडा होतो. मला स्वतःला हा उलगडा व्हायला एक अख्खी संध्याकाळ लागली होती.

इतर भाषांमधून आलेला माणूस इथे अडतो, कारण लिस्पचं पॅकेज फंक्शनं किंवा व्हेरिएबलं बाळगत नाही. ते फक्त सिम्बॉल बाळगतं, आणि लिहिलेलं कुठलं नाव कुठल्या सिम्बॉलचं हे कोड वाचतानाच ठरतं. कंपाइल होणं, चालणं हे सगळं त्यानंतरचं.

लिस्प १९५८ची, मॅक्रो १९६३चे. सत्तरच्या दशकात बोली फुटल्या आणि खास लिस्पसाठी बांधलेली लिस्प मशिनं आली. या यंत्रांवर ऑपरेटिंग सिस्टिम, एडिटर आणि सगळ्यांचे प्रोग्राम एकाच मेमरीत नांदत. नावांची टक्कर रोजची झाली, तेव्हा सिम्बॉलांच्या वेगवेगळ्या पेट्या करण्याची सोय पुढे आली. १९८१मध्ये बोली एकत्र आणण्याची बोलणी सुरू झाली आणि कॉमन लिस्पच्या १९८४च्या पहिल्या वर्णनात हीच सोय सुधारून घेतली गेली.

तो काळ समजून घेतल्याशिवाय आजच्या अडचणी कळत नाहीत. १९८४च्या पद्धतीत फाइलच्या डोक्यावर सात प्रकारचे कॉल ठरलेल्या क्रमाने लिहायचे होते: प्रोव्हाइड, इन-पॅकेज, शॅडो, एक्स्पोर्ट, रिक्वायर, यूज-पॅकेज, इम्पोर्ट. क्रम लक्षात राहावा म्हणून एक इंग्रजी वाक्यही रचलेलं होतं. हे सगळे साधे फंक्शन कॉल, पण कंपाइलरने त्यांना वेगळी वागणूक द्यायची, नाहीतर पुढच्या ओळी चुकीच्या पेटीत वाचल्या जायच्या. पुढे प्रमाणीकरणाच्या कामात ‘डिफपॅकेज’ आलं आणि सगळं एका घोषणेत मावलं. ‘इन-पॅकेज’ मॅक्रो झाला आणि नसलेलं पॅकेज आपणहून तयार करण्याचं त्याने सोडलं. प्रोव्हाइड आणि रिक्वायर यांना जुनाट ठरवून बाजूला केलं. १९९४मध्ये मानक मंजूर झालं. मूळ निर्णयाला मात्र कुणी हात लावला नाही: पॅकेज वाचनाच्या पातळीवरच राहिलं.

यावर टीका भरपूर झाली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. क्विकलिस्प हे लायब्ररी आणून देणारं साधन, आणि क्विकलोड ही त्याची आज्ञा. सुरुवातीच्या फाइलीत ‘क्विकलिस्पचं पॅकेज असेल तरच त्यातलं क्विकलोड बोलव’ अशी अट घालून पाहा. पॅकेज नसेल, तर अट तपासली जाण्याआधीच रीडर, म्हणजे कोड वाचणारा भाग, एरर देतो, कारण नसलेल्या पॅकेजचं कोलन असलेलं नाव त्याला वाचताच येत नाही. किंवा आरईपीएलमध्ये, म्हणजे टाइप करताच उत्तर देणाऱ्या खिडकीत, घाईने एखादं नाव टाइप केलं, ‘फंक्शन नाही’ असं उत्तर आलं, मग पॅकेज वापरायला घेतलं, तर आता नावांचा संघर्ष झाल्याची तक्रार येते. नुसतं टाइप केल्याने सिम्बॉल जन्माला आलेलं असतं. ते ‘अनइंटर्न’ करावं, म्हणजे पॅकेजातून काढावं लागतं.

तरी मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. कॉमन लिस्पचे मॅक्रो नावांची काळजी आपणहून घेत नाहीत. तात्पुरत्या व्हेरिएबलांसाठी दर वेळी नवं सिम्बॉल देणारं ‘जेनसिम’ वापरावं लागतं. पण मॅक्रोच्या विस्तारात येणारी खासगी फंक्शनं सुरक्षित राहतात, कारण त्यांची सिम्बॉल मॅक्रोच्या पॅकेजातली असतात. वापरणाऱ्याने तेच नाव आपल्याकडे दिलं तरी टक्कर होत नाही. त्यात फंक्शनांची आणि व्हेरिएबलांची नावं वेगळ्या खणांत असल्याने कुणी व्हेरिएबलाला ‘लिस्ट’ म्हटलं तरी मॅक्रोतलं ‘लिस्ट’ फंक्शन बिघडत नाही. प्रमाणीकरण चालू असताना दोन खण ठेवायचे की एक, यावर मोठा वाद झाला आणि मॅक्रोंची सुरक्षितता हा त्यातला एक वजनदार मुद्दा होता. लिस्पचीच दुसरी बोली असलेल्या स्कीमने एकच खण ठेवला. हायजिनिक, म्हणजे नावांची टक्कर आपणहून टाळणाऱ्या, मॅक्रोंची मांडणी १९८६मध्ये झाली आणि १९९८च्या स्कीम अहवालात ते मुख्य भागात आले. तो मार्ग अधिक नेटका आहे हे मान्य. पण ‘एइफ’सारखा मॅक्रो, जिथे नाव मुद्दाम बाहेर द्यायचं असतं, तो साध्या हायजिनिक पद्धतीने लिहायला बसा म्हणजे त्याची किंमत कळते.

शब्दाचाही गोंधळ आहे. जी गोष्ट डाउनलोड करून बसवायची तिला बहुतेक जगात पॅकेज म्हणतात. ईमॅक्स एडिटरच्या लिस्पमध्येही हाच अर्थ चालतो. नावांच्या पेट्या तिथे नाहीतच, सगळे नावापुढे उपसर्ग लावतात. कॉमन लिस्पमध्ये मात्र बसवायच्या गोष्टीला ‘सिस्टिम’ म्हणतात. हा शब्दही लिस्प मशिनांच्या काळातला आहे आणि आज सिस्टिम बांधून लोड करणाऱ्या एएसडीएफ या साधनाच्या फाइलींत जिवंत आहे. २०१०मध्ये क्विकलिस्प आलं आणि एका ओळीत लायब्ररी मिळू लागली. तेव्हापासून ‘क्विकलोड झालं, पण फंक्शन सापडत नाही’ हा प्रश्न नवख्यांना हमखास पडतो. सिस्टिम लोड झालेली असते, पॅकेज वापरात घेतलेलं नसतं. शिवाय दोघांची नावं सारखी असतीलच असं नाही.

इंटरफेसचंही तसंच. जावासारखी वेगळी इंटरफेस रचना इथे मानकात नाही. पॅकेजची एक्स्पोर्ट यादी आणि जेनेरिक फंक्शनं (दिलेल्या वस्तूच्या प्रकाराप्रमाणे वागणारी) मिळून जे होतं तोच इंटरफेस. यादी बदलून ‘डिफपॅकेज’ चालू इमेजमध्ये, म्हणजे मेमरीत जिवंत असलेल्या लिस्पमध्ये, पुन्हा लोड केलं, तर काय व्हावं हे मानकाने सांगितलेलंच नाही. एसबीसीएल ही अंमलबजावणी निदान इशारा देते. एकेक एक्स्पोर्ट काढून पाहणाऱ्याने त्यामुळे इमेज नव्याने सुरू करावी, नाहीतर जुनं सिम्बॉल उघडंच राहतं आणि चाचणी खोटी पास होते.

२००७ची क्लोजर ही लिस्प कुळातली भाषा एकाच खणाची. तिने तोडगा बॅककोटमध्ये, म्हणजे मॅक्रोत कोडचा साचा लिहिण्याच्या खुणेत, ठेवला: तिथे लिहिलेलं नाव आपोआप नेमस्पेससकट पुरं होतं आणि शेवटी हॅश दिलं की नवं नाव मिळतं. कॉमन लिस्पच्या बाजूने अलीकडची मोठी सुधारणा म्हणजे पॅकेजपुरतं टोपणनाव. पूर्वी टोपणनावं सगळ्या इमेजभर लागू होत आणि दोन लायब्रऱ्यांना एकच छोटं नाव हवं असलं की भांडण व्हायचं. नवी सोय मानकात नाही, तरी चालू असलेल्या बहुतेक अंमलबजावण्यांनी ती आपणहून घेतली आहे. ‘इट’ मात्र अजून हातानेच एक्स्पोर्ट करावं लागतं.